बुळकांडीच्या साली

सिरसाळ्याच्या अर्जुनराव देशमुखांची गुरं हरिबा वीस वर्षं राखत होता. निजामाच्या राज्यात एका साली गुरांवर बुळकांडीची साथ आली. पहिली गाय आजारी पडताच हरिबानं कुणाला न विचारता उरलेली तीस गुरं डोंगरावर नेली आणि दोन महिने तिथंच राहिला. गावातले गोठे ओस पडले, पण त्याची तीसही गुरं धडधाकट परत आली.

"मालकाला इचारलं कावून न्हाई बे?" कारभारी त्याच्यावर ओरडला.

अर्जुनरावांनी हरिबाला चावडीवर बोलावलं. तो खाली मान घालून उभा राहिला. गावासमोर ते म्हणाले, "मला इचारलं असतं, तर मी न्हाईच म्हणलो असतो. माझी गुरं हरिबानं राखली." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "औंदा बैल घ्यायचेत. तू संगं चल. तू म्हणशील तेच घेऊ."

हरिबानं मान वर केली.

पुढच्या साली पालीच्या एका जमीनदारानं त्याला दोन पोती ज्वारी जास्त देऊ केली. हरिबा गेला नाही. बायको साखराबाई चिडली, "लई शहाणे हाव तुमी!"

"तिथं मला कोण इचारणार?" तो म्हणाला आणि गुरं सोडायला निघाला.