पट्ट्याचे निरोप

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली बॅटरीवाले म्हणायची. कुणाचाही मोबाइल हातात आला की त्यांचा अंगठा आपसूक काचेवरून फिरायचा. ब्लूटूथ बंद, हॉटस्पॉट बंद. मग गिऱ्हाइकाला टोमणा : "ताई, घरातले नळ सोडून ठेवायचे आणि टाकी रिकामी झाली म्हणून ओरडायचं?"

बायकोचं हृदय कुरकुरायला लागलं, तेव्हा मुलीने आईच्या मनगटावर पट्टा बांधला. ठोके बिघडले की पट्टा ब्लूटूथवरून आईच्या मोबाइलला कळवायचा आणि तो दुकानात बॅटरीवाल्यांना. ब्लूटूथ नसेल तर पट्टा निरोप पोटात ठेवून वाट बघायचा. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस चालायचा.

"बघ, गरजेपुरतंच बोलतो," बॅटरीवाले कौतुकाने म्हणाले.

"मग त्याच्याशीच संसार करा," बायको म्हणाली.

त्या सकाळी वीज गेली होती. ते निघताना बायकोने मोबाइल पुढे केला. "अहो, हा मरायला टेकलाय. दिवसभर टिकेल का?"

चपलेत पाय सरकवत त्यांनी तो घेतला, अंगठा फिरवला आणि परत दिला. "संध्याकाळपर्यंत काही होत नाही त्याला."

दिवसभर त्यांचा मोबाइल टेबलावर गप्प पडून होता. बरी आहे म्हणजे, असं त्यांना दोनदा वाटलंही.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात फरशीवर सापडली. अंग गार पडलेलं. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. धावत आलेली मुलगी आईचे पाय धरून बसली.

"बाबा, तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"नाही गं."

"पट्टा बिघडला असेल मेला."

बॅटरीवाल्यांनी ओट्यावरचा बायकोचा मोबाइल उचलला. चार्जिंग अजून शिल्लक होतं. वरच्या कोपऱ्यात ब्लूटूथची खूण नव्हती. सकाळचा आपला अंगठा त्यांना आठवला, चपलेसकट.

त्यांनी ब्लूटूथ चालू केलं.

तिच्या मनगटावर हिरवा ठिपका लुकलुकला. त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. दुपारभर साठलेले निरोप एकामागून एक येत होते.

त्यांनी खिसा घट्ट दाबून धरला.

"घ्या ना फोन, बाबा," मुलगी मान वर न करता म्हणाली. "कुणीतरी कधीचं बोलावतंय."