विरोधात एक मत

“टीचर, हे लिहू नका,” अध्यक्ष म्हणाले.

रविवारची सकाळ. डोंबिवलीत, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सोसायटीची सभा. माझ्या मांडीवर इतिवृत्ताची वही. अकरा वर्षं मी सचिव. अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, म्हणून.

विषय दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटचा. झोया, रेहान, तुम्हा नातवंडांना माहीत आहे, माझी भाची तबस्सुम तो भाड्याने घेणार होती. इथं मी एकटी असते म्हणून.

“फ्लॅट आपल्याच लोकांना द्यायचा. मान्य असेल त्यांनी हात वर करा,” अध्यक्षांनी ठराव मांडला.

मागून कोणीतरी म्हणालं, “पण ईदची बिर्याणी टीचरकडूनच हां!”

सगळे हसले. सवयीने मीही हसले. ते हसू अजून टोचतं.

“मनावर घेऊ नका, टीचर. तुम्ही मुसलमान वाटतच नाही,” अध्यक्ष म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यभर शाबासकीसारखं घेतलं होतं. शाळेत वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. सर्व नागरिक समान. फळ्यावर, सुवाच्य अक्षरात. आणि स्वतः मात्र ‘न वाटण्या’च्या बळावर जगले.

समोरच्या दारातली नलू. माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर तिने डबा दिला होता. तिचाही हात उचलला गेला. अर्धाच. कोपर मांडीवरच होतं. पण उचलला.

“लोकशाही आहे, टीचर,” अध्यक्ष म्हणाले. “बहुमत झालं.”

“मग लिहायला काय हरकत आहे?”

मी उभी राहिले. एकेक हात पाहून नाव लिहू लागले. हात भराभर खाली आले. तोवर नावं वहीत आली होती. शेवटी लिहिलं: विरोधात एक. पुढे माझं नाव. कारण: धर्म पाहून घर नाकारणं मला मान्य नाही.

तबस्सुम आली नाही. फ्लॅटच्या मालकाने तिचा फोन घेणं बंद केलं. माझी कडी वाजली की नलूचं दार लागतं. चार वाजता मी आता एकच कप चहा करते; पूर्वी नलूचाही असायचा. तुम्ही म्हणता, दादी, इकडे ये. नाही येणार.

परवा निरोप आला, वही द्या, दुसरं कोणी लिहील. दिली नाही. मला सभेने निवडलंय. काढायचं तर सभेत काढा. तोही ठराव मीच लिहीन.

पुढच्या सभेचा पहिला विषय नियमाने ठरलेला असतो: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. मी उभी राहून वाचणार आहे. प्रत्येक नाव. मोठ्याने.

नलूचंही.