कुणीच नव्हतं

उमरग्याच्या बसस्थानकासमोर मास्तर घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावूनच बोलतात, आणि प्रत्येक वाक्याआधी "लिहून घ्या" म्हणतात. कुठल्याच नकाशावर नसलेल्या एका देशाचा इतिहास ते वीस वर्षं लिहीत आहेत. गिऱ्हाइकाला थांबावं लागलं, की एखादं पान वाचून दाखवतात.

परवा माझं घड्याळ दुरुस्त होईपर्यंत त्यांनी पहिल्या वस्तीचं पान वाचलं. माणसं मेंढरं घेऊन डोंगर उतरली. खाली नदी होती, कमरेएवढं गवत होतं आणि माणूस एकही नव्हता.

गजराचं घड्याळ घेऊन आलेले मुरुमचे म्हातारे मेंढपाळ हसले. "मास्तर, आमी लई रानं फिरलो. जिथं पानी न् चारा, तिथं आदी कुनाचं तरी खोपट असतंयच. इचारल्याबिगर मेंढरं बसवता येत न्हाईत. तुमच्या लोकांनी कुनाला हाकललं?"

मास्तरांनी भिंग काढलं, पान पुन्हा मनात वाचलं आणि वही मधोमध फाडली. मी त्यांचा हात धरला. "अहो, किती वर्षांचं काम आहे!"

त्यांनी हात सोडवून घेतला.

"माणसं मेली असतील हो तिथं," ते म्हणाले, "आणि मी लिहिलं, कुणीच नव्हतं."