मनगटावरचा आलेख

पहिला पट्टा ऑफिसनं दिला होता. कसलासा आरोग्य सप्ताह होता आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक डबी ठेवलेली होती. काळं रबर, त्यावर बोटभर पडदा. तो पावलं मोजायचा, झोप मोजायची त्याची आपली एक पद्धत होती, आणि विचारलं तर नाडी सांगायचा. मी तेव्हा मयूर विहारहून नोएडाला मेट्रोनं ये-जा करत होते. संध्याकाळी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या, पट्टा थरथरला की घरी यायचं. काही वर्षं एवढं पुरलं.

मग धडधड सुरू झाली. दमल्यावर नाही, चिडल्यावर नाही. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, एकदा तर नुसती खुर्चीत बसलेली असताना. बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची आणि तशीच एकदम थांबायची. मधल्या वेळात छातीत कुणीतरी घाईघाईनं दार ठोठावतंय असं वाटायचं.

सोसायटीबाहेरच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती नेहमी थांबलेली असे. त्यांनी दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा निर्दोष. "मॅडम, इस उम्र में होता है," ते म्हणाले. "टेंशन कम कीजिए, नींद पूरी कीजिए." माणूस चांगला होता. त्यांच्यापुढच्या कागदावर जे होतं त्यावरून दुसरं काही म्हणणं त्यांना शक्यही नव्हतं.

पट्ट्याचा उपयोग होईल असं मला वाटलं होतं. पुढच्या वेळी धडधड सुरू झाल्याबरोबर मी मनगट वळवून पाहिलं. आधी पडद्यावर नुसत्या दोन रेघा आल्या. मग एक भलताच मोठा आकडा आला, तो गेला, आणि पट्ट्यानं विचारलं, तुम्ही व्यायाम सुरू केला आहे का? मी तेव्हा पोळ्या लाटत होते.

त्या दिवशी मी ठरवलं की मला ईसीजी काढणारं घड्याळ घ्यायचं.

नवरा दिल्लीतच जन्मलेला, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला. मराठी चांगलं बोलतो, पण वाद घालताना त्याची हिंदी बाहेर येते. "अगं, पट्टा आहे ना? बिल्कुल ठीक चाललाय," तो म्हणाला.

"तो पावलं मोजतो. मला हृदयाचं काय होतंय ते बघायचंय."

"डॉक्टरांनी बघितलं की. तुला घड्याळ हवंय की आजार हवाय, यार?"

खरं तर प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मला काहीतरी सापडायला हवं होतं. काही सापडलं नाही, तर ते माझ्या मनातच होतं असा त्याचा अर्थ झाला असता, आणि तो मला जास्त जड गेला असता.

नोएडाच्या मॉलमधल्या विक्रेत्यानं रक्तातला ऑक्सिजन, झोपेचे प्रकार, पडलं तर घरी जाणारा संदेश असं सगळं उत्साहानं दाखवलं. मी एवढंच विचारलं, "ईसीजी कभी भी ले सकते हैं? कहीं भी?" तो म्हणाला, "बिल्कुल. बस बटन पर उँगली रखिए और हिलिए मत."

घड्याळ आलं आणि धडधड गेली. आठवड्यांमागून आठवडे गेले. मी सकाळी चहाआधी आलेख काढत होते आणि तो रोज सरळसाधा येत होता. नवरा विचारायचा, "काय, पास?" मी धडधडीची वाट पाहत होते. हे विचित्र आहे हे मला कळत होतं, पण कळल्यानं वाट पाहणं थांबत नव्हतं.

ती आली मेट्रोत. सकाळची गर्दी, बायकांचा डबा, मी दाराशी उभी. न्यू अशोक नगर येईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. मी उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले आणि बटणावर बोट ठेवलं. हात थरथरत होता. पहिला आलेख वाया गेला.

शेजारी बसलेली बाई माझ्याच वयाची असेल. मांडीवर डबा, गळ्यात ऑफिसचं कार्ड. "दीदी, तबीयत ठीक नहीं है? किसी को बुलाऊँ?"

"बुलाइए मत. मेरी कोहनी पकड़ लीजिए. हाथ हिलना नहीं चाहिए."

तिनं कारण विचारलं नाही. डबा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं कोपर धरून ठेवलं. समोरून एक गाडी भरून गेली. आम्ही दोघी पडद्यावरची दाटीवाटीनं सरकणारी रेघ पाहत राहिलो. शेवटी घड्याळानं लिहिलं, निष्कर्ष काढता आला नाही.

"क्या बोल रहा है?" तिनं विचारलं.

"कुछ नहीं बोल रहा," मी म्हणाले आणि मला हसू आलं. मला पाणी पाजून, थोडं बरं वाटतंय ना याची खात्री करून घेऊनच ती पुढच्या गाडीत चढली.

घड्याळाला काढता न आलेला निष्कर्ष हृदयविकाराच्या डॉक्टरांनी तो आलेख फोनवर पाहताच काढला. त्यांनी दोन बोटांनी रेघ मोठी केली आणि म्हणाल्या, "पकड़ लिया आपने." हृदयात जन्मापासून एक जास्तीची वाट आहे, ठोक्याची वीज कधीकधी त्या वाटेनं फिरत राहते, असं त्यांनी समजावलं. गोळ्या घेता येतील, किंवा ती वाट जाळून टाकता येईल. मी जाळायची म्हटलं.

बाहेर येऊन नवरा गाडीत बसला. मग म्हणाला, "आजार हवाय का, असं विचारलं होतं मी."

"हो."

"चुकलंच माझं."

मला विजयी वगैरे वाटलं नाही. भूक लागली होती.

ती वाट जाळली त्या दिवशी मी जागी होते. जांघेतून तारा आत नेल्या होत्या. डॉक्टरांनी आधी मुद्दाम धडधड सुरू केली, कारण वाट सापडायला ती चालू असावी लागते. इतके दिवस जी कुणासमोर यायला तयार नव्हती, ती सगळ्या खोलीनं एकदम पाहिली. मग छातीत थोडी ऊब जाणवली. पुन्हा सुरू करून पाहिली, झाली नाही. त्यानंतर आजवर झालेली नाही.

माहेरी मला सगळे घाबरट म्हणत. गर्दीत मी घाबरायची, वरिष्ठांपुढे घाबरायची, गाडी शिकायला गेले तर दुसऱ्याच दिवशी सोडून आले. आता वाटलं, तो सगळा दोष त्या वाटेचाच असणार. तीच जळाली म्हटल्यावर मी नवऱ्याला शेजारी बसवून गाडी शिकायला घेतली.

पहिल्यांदा अक्षरधामजवळ मुख्य रस्त्यावर आले तेव्हा हात घामानं भिजले. सिग्नलला थांबल्यावर मी मनगटाकडे पाहिलं. ठोके खूप वाढले होते, पण एकामागून एक, नीट, ज्याच्या त्याच्या जागी. हृदयाची काही चूक नव्हती. मला नुसती भीती वाटत होती. काही भीती माझी स्वतःचीच होती तर.

मागून हॉर्न सुरू झाले. "चलो, हिरवा झाला," नवरा म्हणाला. मी पहिला गिअर टाकला. गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली, आणि आम्ही यमुनेच्या पुलाकडे निघालो.