वाढवलेली दुकानं

अश्लेषाबाईंना आकड्यांचं वेड होतं आणि ते त्या लपवतही नसत. इतर बायका बाजारात कोथिंबीर हुंगून घेतात, अश्लेषाबाई भाजीवाल्याला विचारणार, "परवाना कुणाच्या नावावर आहे हो?" कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात सरकारला शहाणं करायचं, असा त्यांचा उद्योग.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दुकानदारांनी केलेले अर्ज, नोंदण्या, शेरे, सगळं सरकारदरबारी पडून आहे. ते नीट वाचलं तर कुठल्या बाजाराला हात द्यायचा ते कळेल. अंदाजपंचे योजना कशाला? पण वाचायला माणसं लागतात आणि माणसांना पगार. त्यासाठी संशोधन निधी मागितला तर दोनदा उत्तर आलं, 'निष्कर्ष ठळक नाहीत.' दुसऱ्या वेळी बाई घरी येऊन चक्क रडल्या होत्या.

यंदा मात्र निष्कर्ष इतका ठळक, की बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. नमुन्यादाखल मिळालेल्या नोंदींत शहागंजच्या जुन्या बाजारातल्या कितीतरी दुकानांपुढे 'विस्तार केला' असा इंग्रजी शेरा होता. मूळ अर्ज मराठीतले, संगणकानं इंग्रजी केलेले. अर्ज कशासाठी केला, तो रकाना कोराच होता. पण आनंदात कोऱ्या रकान्याकडे कोण बघतं? जुना बाजार बसला म्हणणाऱ्यांची आता जिरणार होती. दुसऱ्या दिवशी निधी देणाऱ्या समितीपुढे उभं राहायचं, तर एखादा फोटो असावा म्हणून बाई स्कूटर काढून शहागंजात गेल्या.

यादीतल्या फकिराच्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारी सारजाबाई बांगड्या विकत बसल्या होत्या. बाईंनी त्यांनाच विचारलं.

"फकिरा व्हय? त्यानं दुकान वाढवलं की मागंच."

"तेच बघायला आलेय! किती वाढवलं?"

"किती म्हंजी? सगळंच वाढवलं."

"अरे वा! मग नवं कुठं आहे?"

"नवं कशाचं, ताई? लेकाकडं गेला ऱ्हायला. गिऱ्हाईकच नाय तर काय करील? लई वाईट वाटलं बघा."

बाई उभ्या जागी गार पडल्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे त्यांना आईनंच शिकवलेलं. मग स्वतःच्या हातानं 'दुकान बंद केले' असं अशुभ कोण लिहील? लोकांनी 'दुकान वाढवले' लिहिलं, संगणकानं ते खरंच वाढवून टाकलं आणि मराठीत जन्म गेलेल्या अश्लेषाबाईंनी त्यावर टाळ्या पिटल्या. आधी त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. मग तिथंच असं हसू फुटलं, की सारजाबाईंनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला.

"उद्या गप्प बस," नवरा चिन्मय रात्री जेवताना म्हणाला. "निधी पदरात पडू दे, मग कर दुरुस्त."

"आणि तोवर शहागंजाला मदतच नको असं ठरलं तर?"

चिन्मयनं वरण वाढून घेतलं.

समितीपुढे बाईंनी सगळं सांगून टाकलं, अगदी 'किती वाढवलं?'सकट. सगळे पोट धरून हसले. अध्यक्ष अभयसर तेवढे हसले नाहीत.

"मग तुमच्या हातात निष्कर्ष काय उरला, मॅडम?"

"काही नाही, सर. होता तो कालच वाढवला."

पुन्हा हशा झाला. सर मात्र चष्मा काढून पुसत राहिले. बाईंनी कागद गोळा करायला घेतले. तिसऱ्यांदाही गेलं म्हणायचं! आता परत अर्ज करण्याचं बळ आपल्यात नाही, हे त्यांना स्पष्ट कळत होतं.

"मागच्या वर्षी मी एक अहवाल दिला," सर शेवटी म्हणाले. "शहागंज भरभराटीला आलंय, तिथं मदतीची गरज नाही, असा. याच नोंदी वाचून." सरांचे कान लाल झाले होते. "निधी मंजूर आहे, मॅडम. सुरुवात माझ्या अहवालापासून करा."