खिळ्यावरची लाल पाटी

ताईचा फोन आला तेव्हा मी दादऱ्याला कंपनीच्या गेटवर हजेरी लावत होतो. "हे चहाला उठत नाहीयेत रे," एवढंच ती म्हणाली. मी टोकरखाड्याला तिच्या घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी डॉक्टरांना आणलं होतं, पण त्यांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं... दाजी झोपेतच गेले. अखंड बडबड करणाऱ्या या माणसाने न बोलता केलेलं हे बहुधा पहिलंच काम.

दाजी मूळचे जळगावकडचे. सामरवरणीच्या एका धाग्याच्या कारखान्यात त्यांनी मेंटेनन्स सांभाळलं आणि निवृत्तीनंतर एक गुहा सांभाळायला घेतली. खानवेलच्या पुढे डोंगरात ती आहे, वटवाघळांची. सुट्टीच्या दिवशी टोळकी तिथे जाऊन शेकोट्या पेटवायची, बाटल्या फोडायची. पायथ्याच्या पाड्यातले लोक वैतागले होते. दाजींनी गुहेच्या तोंडाला आडव्या गजांचा लोखंडी दरवाजा बसवून दिला, वटवाघळांना ये-जा करता येईल एवढ्या फटी ठेवून. मग त्याची देखभालही ओघाने आलीच. पावसाळ्याआधी आणि नंतर बिजागऱ्यांना ग्रीस, कुलपाला तेल, आत साचलेला पालापाचोळा बाहेर. खानवेलला स्कूटर ठेवायची आणि शेतांच्या बांधांवरून, सागाच्या झाडीतून चालत सुटायचं. ग्रीसचा डबा मेहुण्याच्या, म्हणजे माझ्या हातात, आणि तोंड चालवायचं काम दाजींकडे.

कारखान्यात मशीनच्या आत काम करायचं असलं की कामगार आधी आपल्या नावाची लाल पाटी स्विचला अडकवतो, म्हणजे कुणी चुकून ते चालू करत नाही. ज्याने लावली त्यानेच ती काढायची, हा तिथला धर्मच. दाजी निवृत्त होताना आपली पाटी घरी घेऊन आले आणि गुहेत शिरताना दरवाज्याला तारेने बांधू लागले. 'माणूस आत आहे. हात लावू नये,' आणि खाली त्यांचं नाव. दाजी, गुहा काय चालू होणार आहे का, म्हणून मी खूप पिडायचो. "मेहुणे, कुणी बाहेरून कुलूप घालून गेलं ना, की कळेल," ते म्हणायचे.

एरवी ती पाटी घरात दाराजवळच्या खिळ्यावर असे. गुडघ्यांमुळे ताई कधी आमच्याबरोबर आली नाही. पण आम्ही गेलो की भाजी निवडतानाही तिची मान सारखी त्या खिळ्याकडे वळायची. पाटी खिळ्यावर आली म्हणजे माणूस घरी आला, असा तिचा हिशेब होता.

दिवाळीनंतर आम्ही शेवटचे गेलो. काम आटोपून अर्धा डोंगर उतरलो तेव्हा दाजी थबकले, खिसे चाचपू लागले. पाटी दरवाज्यावरच राहिली होती. उभ्या आयुष्यात ते पाटी विसरले नव्हते. मी धावत जाऊन आणतो म्हटलं, तर नाही म्हणाले. त्यांना चांगलाच दम लागला होता, पण कबूल करतील तर ते दाजी कसले. "राहू दे. मी लावलीय, मीच काढीन. पुढच्या रविवारी येऊ." तो रविवार उजाडलाच नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एका संध्याकाळी ताईने रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "हे परत आलेच नाहीत असं वाटतं रे मला." पाटी मी घेऊन येतो म्हटलं. पण संसारभर तो नियम ऐकलेली बाई ती. पाटीवाला स्वतः येऊ शकत नसेल तर आधी आत जाऊन तो तिथे नाही याची खात्री करायची, मगच दुसऱ्याने हात लावायचा, हे तिलाही पाठ होतं. मीही येते, म्हणाली. आणि खरंच आली, प्रत्येक बांधावर टेकत, गुडघ्यांना शिव्या देत.

गुहेची दुसरी किल्ली पाड्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींकडे असते. दाजी गेल्याचं त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी दरवाजा उघडू दिला नव्हता. "सायबाची पाटी हाय," त्या म्हणाल्या. "आमी कोनाला हात लावू नाय दिला."

ऊन खाऊन पाटीचा लाल रंग विटला होता. मी तारेला हात घातला, तर ताईने मनगट धरलं. "आधी आत बघून ये."

मी कुलूप काढलं आणि वाकून आत गेलो. गुहा काही मोठी नाही, बॅटरी मारली की शेवटची भिंत दिसते. तरी मी त्या भिंतीपर्यंत गेलो. नियमाप्रमाणे हाकही मारायची असते. "दाजी..." म्हटलं मात्र, आणि इतके दिवस कुणासमोर न आलेलं रडू तिथे आलं. मी रडून घेतलं. वरती वटवाघळं थोडी हलली, पुन्हा गप्प झाली.

बाहेर येऊन म्हटलं, "आत कोणी नाही, ताई."

तिने मान हलवली आणि तारेचा पीळ स्वतः सोडवला. दाजींनी घातलेला पीळ, वेळ लागलाच. पाटी पदराने पुसून तिने पिशवीत ठेवली. मी बिजागऱ्यांना ग्रीस घातलं, दरवाजा दोनदा उघडून-मिटून पाहिला. कुरकुर नव्हती, दाजींनीही नावं ठेवली नसती. उतरताना ताई म्हणाली, पावसाळ्याआधी पुन्हा यायचं तर तुझ्या नावाची पाटी करून घे, त्याशिवाय मी तुला आत सोडणार नाही.

टोकरखाड्याला घरी पोचलो. चपलाही न काढता ताईने पाटी खिळ्याला अडकवली, बोटाने सरळ केली.

"आले," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.