जावेच्या कार्डावरची बाळंतीण

चहा घ्या हातात, पण आधीच सांगते, गार होईल. तुमच्या फजित्या म्हणजे चुकीच्या बसमध्ये बसलो, दुसऱ्याच्या लग्नात जेवून आलो, असल्या. माझ्या फजितीत एक नाव तोंडातनं काढायचं होतं. एक! आन् जिच्या तोंडापुढं निम्मी खजुरी गप्प बसती ती मी, नेमकी त्या टायमाला मुकी झाले. त्याचं काय काय भोगलं, ऐका.

खजुरी आमचं सासर, आळंद तालुक्यात. आमचे हे कुवेतला वायरमन. लगीन झालं, सुट्टी संपली, हे गेले. पहिलं बाळंतपण गावातच झालं, सुईणीच्या हातावर. ते लेकरू रडलंच न्हाई. त्याच्यावर मी जास्त बोलत न्हाई, तुम्ही बी विचारू नका.

दुसऱ्या सुट्टीला हे आले, परत मला दिवस गेले. जाताना म्हणले, ह्या बारीला गावात न्हाई. तुझा व्हिसा टाकलाय, कुवेतला कंपनीचा दवाखाना हाय, बायकालेकरांना समदं फुकट, बाळंतपण तिकडंच करायचं. मला काय, मी तर मनानं त्याच दिवशी विमानात बसले.

व्हिसा काय येईना. पोस्टमन दिसला की सासूबाई अंगणात, मी दारात, शेजारीण तिच्या दारात. आज येतोय, उद्या येतोय. तोवर पोट वाढायलंय, पाय सुजायलेत, उठलं की डोळ्यापुढं अंधारी. दाखवायचं कुठं? कुवेतच्या दवाखान्यात माझा हक्क, तर मी तिथं न्हाई. इथं मी हाय, तर माझा हक्क कशावरच न्हाई. तालुक्याला गडी डॉक्टर, त्याच्यापुढं पोट दाखवायला घरात कुणी तयार न्हाई. गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की सासूबाई पदर तोंडाला लावायच्या. त्यांची धाकटी लेक आजारपणात तिथं गेली ती परत आली न्हाई. खाजगीत जावं, तर घरातलं होतं नव्हतं ते व्हिसाच्या एजंटानं झाडून नेलेलं.

मग माझी थोरली जाऊ, कौसल्याअक्का, पुढं झाली. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाया, गुलबर्ग्याच्या गिरणीत कामाला. त्यांच्याकडं विम्याचं कार्ड. त्या कार्डावर कामगाराच्या बायकोला विम्याच्या दवाखान्यात बिनपैशाचं बाळंतपण. तिथल्या डॉक्टरणीच्या हाताला गुण. अक्काचं तिसरं अडलेलं बाळंतपण तिनंच सोडवलेलं. अक्का म्हणली, "माझ्या नावानं चल. तुला आन् लेकराला वाचवायचंय आधी. बाकीचं मग बघू."

मी म्हणलं, तिनं वळखलं तर? अक्का म्हणली, ती रोज एवढ्या बाया बघती, तिच्या काय ध्यानात राहतंय? पदर पुढं ओढून घे. झालं. सासूबाईंना घेऊन गुलबर्ग्याला अक्काच्या चाळीतल्या एका खोलीत राहायला गेले, आन् कपाळापासनं नाकापर्यंत पदर ओढून मी कौसल्या झाले.

दवाखान्यात खिडकीशी एक सिस्टर बसलेली. दख्खनी बोलायची, आवाज असा की रांगेतली पोरं रडायची थांबावीत. तिनं कार्ड घेतलं आन् विचारलं, मरद का नाम?

आता इथं जरा थांबा. आम्ही बौद्ध माणसं. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवा घरातले देव विहिरीत टाकले, उपास सोडले, नवस सोडले. समदं जुनं टाकलं. पण बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, हे मातर राहिलं. ते टाकायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. आन् नुसतं नवऱ्याचंच न्हाई, थोरल्या दिराचं बी घ्यायचं न्हाई. म्हणजे खिडकीशी दोघी उभ्या. नाव एकाच माणसाचं. अक्कानं घ्यावं, तर तिचा नवरा. मी घ्यावं, तर माझे भाया. दोघी गप्प.

सिस्टर म्हणली, "बोलो अम्मा, नाम बोलने कू क्या होरा तुमकू?"

मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं. मागं गिरणीवाल्यांच्याच बायांची रांग वाढायली. सिस्टरनं कार्डावरचं नाव स्वतःच मोठ्यानं वाचलं आन् विचारलं, तुम दोनों में ये किसका मरद है? ते नाव कानावर पडलं तशा आम्ही दोघी बी लाजलो! दोघींनी बी पदर तोंडाला लावला! सिस्टरनं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आन् "अच्छा" म्हणून कार्डावर शिक्का मारला.

त्या "अच्छा"नं घात केला. चार दिवसात बातमी गिरणीत: ह्यानं दोन बायका केल्यात, दोघी एका खोलीत नांदायल्यात. आमचे भाया म्हणजे देवमाणूस. मी समोर आले तर भिंतीकडं तोंड करून बोलणारे. त्यांना डब्याच्या सुट्टीत लोक विचाराय लागले, कसं जमवतोस गड्या? खरं सांगावं तर कार्डाचा घोटाळा उघडा पडतोय, नोकरी जाती. बिचारे घरी येऊन नुसतं पाणी प्यायचे आन् कोपऱ्यात बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आन् मी? मला "कौसल्या, कौसल्या" म्हणून हाका मारायल्यात आन् मी मनात म्हणतेय, कोण ही भवानी, उठत कामून न्हाई? शेजारच्या बाईनं ढोसलं तवा उठले. डॉक्टरणीनं पोट तपासलं. मूळची कानडी, पण मराठी चांगलं बोलायची. म्हणली, तीन लेकरांची आई, आन् पोटावर एक वण न्हाई? मी म्हणलं, आमच्याकडं असंच असतंय. तिनं पुढं काही विचारलं न्हाई. रक्तदाब वाढलाय म्हणली, मीठ बंद कर, डाव्या कुशीवर पडून राहा, दर आठवड्याला ये. गोळ्या दिल्या, सुया दिल्या. खोटं कशाला बोलू, त्या बाईनं मला जगवलं. खजुरीत राहिले असते तर आज हा चहा तुम्हाला दुसरंच कुणीतरी पाजत असतं.

पण सिस्टर काय गप्प बसती? अक्कानं तिसऱ्याच्या वेळी दवाखान्यात शब्द दिलेला, पुढच्या बारीला मूल बंद करायचं आपरेशन करून घेते म्हणून. ते कार्डावर लिहिलेलं, सिस्टरनं वाचलेलं. गेलं की म्हणायची, चौथा है ना? अब बस. बाळंत झाली की लगेच आपरेशन. अक्का म्हणायची, तू नुसती हो म्हण, त्या टायमाला बघू. मी हो म्हणायची आन् घरी येऊन रडायची. एक गेलेलं, दुसरं अजून पोटात, आन् कुणाच्या तरी तीन लेकरांपायी माझं समदंच बंद व्हायचं?

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. भाया कामावर, अक्का तिच्या तीन लेकरांत अडकलेली, माझ्यासंगं एकट्या सासूबाई. त्यांना आम्ही महिनाभर घोकून घेतलेलं: कुणी काय बी विचारलं तरी थोरल्याचंच नाव सांगायचं. त्या व्हरांड्यात बसल्या, मला आत नेलं. कळांनी माझं डोकं फुटायची वेळ आलेली. आन् सिस्टर आपली सामान मांडत म्हणतेय, आज दोन्ही कामं उरकून टाकू.

माझा धीर सुटला. मी बोंबललेच. म्हणलं, आपरेशन करू नका, मी कौसल्या न्हाई, मी तिची जाऊ हाय, माझं पहिलं मेलंय, माझ्याजवळ एक बी लेकरू न्हाई! कार्ड, कुवेत, व्हिसा, एजंट, समदं ओकले.

डॉक्टरणीनं सिस्टरला बाजूला केलं. माझा हात धरला आन् म्हणली, "तुझ्या जावेला मी बाळंत केलंय. तिला वळखत न्हाई व्हय मी? पहिल्याच दिवशी कळलं मला. तू आता फक्त लेकराकडं बघ."

पोरगी झाली. आन् रडली हो! अशी रडली की व्हरांड्यातनं सासूबाईंचा हुंदका आत ऐकू आला. मी इतकी रडले की डॉक्टरणीनं दटावलं. दोन्ही जिवंत. आपरेशन न्हाई. इथं किस्सा संपाया पाहिजे होता. संपला असता बी.

डॉक्टरीण माझ्या उशाशी आली. हळूच म्हणली, कार्डाचं मी निस्तरते, कुणाची नोकरी जाऊ देत न्हाई. पण जन्माच्या नोंदीत लेकराला खरी आई आन् खरा बाप पाहिजे. "तुझ्या नवऱ्याचं नाव सांग, लिहून टाकते."

आन् मी गप्प.

तिनं परत विचारलं. नाव जिभेवर आलेलं, दातापाशी अडलेलं. हसू नका. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतंय, हे आईनं लहानपणापासनं सांगितलेलं. माझं एक लेकरू गेलेलं. दुसरं आत्ता, ह्या घडीला जिवंत हाती आलेलं. नवरा परमुलखात, विजेच्या तारांत हात घालणारा. अशा टायमाला नाव घेऊ? समदी गुपितं बोंबलून सांगितली, पण नाव? मी डोळे गच्च मिटून घेतले.

तेवढ्यात दुसरी बाई अडलेली, डॉक्टरणीला तिकडं बोलावणं. तिनं जाता जाता सिस्टरला सांगितलं, बाहेर म्हातारी हाय, तिला बापाचं नाव विचारून घे. सिस्टरनं व्हरांड्यात विचारलं. सासूबाईंना काय ठावं आत काय झालंय ते? त्यांना वाटलं, दवाखान्याची माणसं आपल्याला धरायला आलेत. त्यांनी घोकलेलं नाव ठणकावून सांगितलं. थोरल्याचं!

डॉक्टरीण परत आली, कागद वाचला आन् माझ्याकडं बघितलं. तिच्या कानावर बी दोन बायकांची बातमी गेलेलीच की. म्हणली, म्हणजे हे खरंच तुझ्या दिराचं? मी काय सांगू? मी शरमेनं मान खाली घातली. तिला वाटलं, हो म्हणली. सुस्कारा टाकून म्हणली, मग राहू दे कार्डावर हाय तसंच, तुमच्या घरचं तुम्ही बघा. कागदावर माझी पोरगी भायांची लेक झाली आन् कौसल्याअक्का तिची आई.

दोन महिन्यांनी व्हिसा आला! सासूबाईंनी साखर वाटली. पासपोर्टवर पोरीचं नाव चढवायला गेले तर तिथला माणूस म्हणला, ही पोर तुमची न्हाई. मी म्हणलं, डोळे फुटले का, माझंच नाक हाय तिला. तो म्हणला, कागद दाखवा. कागद दाखवला, तर कागदावर अक्का. डॉक्टरणीकडं पळाले, तर तिची बदली झालेली, कुठं ते कुणाला ठावं न्हाई. दुसरं कुणाला खरं सांगावं, तर भायांच्या भाकरीवर पाय. ज्या माणसानं माझ्यापायी एवढं ऐकून घेतलं, त्याची नोकरी घालवू? आन् पोरीला ठेवून एकटी कुवेतला जाऊ? व्हिसाची मुदत गेली. कुवेत मी आजवर फोटोतच बघितलंय.

शेवटी हेच सुट्टी काढून आले. पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं, तर चाळीतली समदी दारात उभी, खरं बोलायची सोय न्हाई. तर ह्यांनी काय म्हणावं? "दादा, तुझी लेक गोड हाय." आन् भाया भिंतीकडं तोंड करून रडाय लागले. मी सैपाकघरात जाऊन तांब्या आपटला.

वकिलानं वाट काढली: कागदावर पोर भावाची हाय ना? मग भावाकडनं दत्तक घ्या. रजिस्ट्री हापिसात गेलो. साहेब कानडी, मोठा मायाळू माणूस. म्हणला, कायद्यानं आईनं आपल्या हातानं लेकरू द्यायला पाहिजे, म्हणून पोर तिच्या मांडीवर असू द्या. पोर अक्काच्या मांडीवर दिली. अक्कानं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलाय लागले. साहेबाला वाटलं रडायली. ती हसत होती का रडत होती, ते मला आजवर कळलं न्हाई. साहेब मला म्हणला, बाई, ह्या माऊलीचे उपकार विसरू नका, पोटचा गोळा द्यायला काळीज लागतंय. मी म्हणलं, व्हय साहेब.

मग त्यानं विचारलं, "मक्कळु इल्लवा?" म्हणजे, तुम्हाला लेकरं न्हाईत?

मी म्हणलं, इल्ला, न्हाईत. आन् तेवढ्यात पोरीला भूक लागली. अक्काच्या मांडीवर पोर टाहो फोडायली, आन् इकडं मला पान्हा फुटला. झंपर समोरनं ओलाचिंब. ओढायला पदर पुरंना. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं, भायांनी भिंतीकडं, वकील खोकला.

साहेबानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग हळूच म्हणला, "बाई, आधी पोरीला घ्या. दत्तकपत्राचं वाचन चालू राहील."

मी पोरीला उचललं, त्याच खोलीत कोपऱ्यात बसून पदराखाली घेतलं. पोर चुटूचुटू प्यायली. आन् तिकडं कारकून कानडीत एकेक ओळ वाचून आम्हाला मराठीत सांगत होता: दत्तक घेणाऱ्याच्या बायकोला पोटचं लेकरू न्हाई, हे तिला मान्य हाय का?

मी पदर नीट केला आन् म्हणलं, "मान्य हाय साहेब. एक बी न्हाई."